हेन्री ओल्डेनबर्ग : विज्ञानपत्रिकेचा आद्य संपादक

वाचनालयाच्या शतसांवत्सरिक ग्रंथात चरित्र द्यावयाचे तर ते एखाद्या ग्रंथकाराचे किंवा दानशूर आश्रयदात्याचे असावे, असा संकेत आहे. येथे निवड केली आहे ती ज्याने विज्ञानात स्वतःचा असा एकही शोध लावला नाही, आणि ज्याच्यापाशी दान करण्याइतका पैसा आयुष्यात कधी साठला नाही, अशा एका गृहस्थाची. हेन्री ओल्डेनबर्ग हा सतराव्या शतकातील लंडनच्या रॉयल सोसायटीचा कार्यवाह होता. सभेचे इतिवृत्त लिहावयाचे, देशोदेशींच्या पत्रांना उत्तरे द्यावयाची, रुसलेल्या सभासदांची समजूत घालावयाची, ही कामे त्याने सुमारे पंधरा वर्षे केली. आपल्या वाचनालयाचे कार्यवाहपद ज्यांनी कधी सांभाळले असेल त्यांना या कामाचे स्वरूप निराळे समजावून सांगावयास नको. फरक इतकाच की, या कार्यवाहाच्या मेजावरून न्यूटनचा प्रकाशाविषयीचा निबंध छापखान्यात गेला, लेव्हेनहूकने पाहिलेले सूक्ष्म जीव गेले, आणि ६ मार्च १६६५ रोजी त्याने सोळा पानांचे जे मासिक काढले ते नियतकालिक आजही चालू आहे.

ओल्डेनबर्गचा जन्म जर्मनीतील ब्रेमेन या व्यापारी नगरात १६१९ च्या सुमारास झाला. वडील शिक्षक होते. मुलाने धर्मशास्त्राचा अभ्यास करून १६३९ मध्ये पदवी घेतली आणि पुढे तो हॉलंडमधील युट्रेक्ट येथे गेला. त्यानंतरची दहाबारा वर्षे श्रीमंत घरांतील मुलांचा शिक्षक म्हणून युरोपभर फिरण्यात गेली. या भटकंतीत त्याला पैसा मिळाला नाही, पण भाषा मिळाल्या. जर्मन मातृभाषा, लॅटिन विद्येची भाषा आणि फ्रेंच, इंग्रजी, इटालियन, डच या व्यवहाराच्या. पुढील आयुष्यात तो जगला तो या भांडवलावर. १६५३ साली इंग्लंड व हॉलंड यांच्यातील युद्धात ब्रेमेनच्या तटस्थतेविषयी क्रॉमवेलशी बोलणी करण्यासाठी त्याच्या नगराने त्याला लंडनला पाठविले. क्रॉमवेलच्या राजवटीचा परकीय भाषांचा चिटणीस या वेळी महाकवी मिल्टन होता. त्याच्याशी ओल्डेनबर्गचा स्नेह जुळला. राजकारणाचे काम संपले, तरी हा मनुष्य इंग्लंडातच रमला.

रॉबर्ट बॉईल या रसायनशास्त्रज्ञाची बहीण लेडी रॅनेला हिने आपल्या मुलाचा शिक्षक म्हणून त्याला नेमले. शिष्याला घेऊन तो प्रथम ऑक्सफर्डला आणि नंतर १६५७ पासून तीन वर्षे जर्मनी-फ्रान्समध्ये राहिला. पॅरिसमध्ये विद्वान मंडळी ठराविक दिवशी एखाद्याच्या घरी जमून नव्या प्रयोगांविषयी चर्चा करीत; अशा बैठकांत हा शिक्षक मागे बसून ऐकत असे आणि ऐकलेले इंग्लंडातील मित्रांना पत्राने कळवीत असे. १६६१ मध्ये हॉलंडमधील ऱ्हाइन्सबुर्ख गावी जाऊन तो स्पिनोझाला भेटला. तेव्हा स्पिनोझा तिशीतही आलेला नव्हता आणि त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. स्पिनोझाच्या तत्त्वज्ञानाचा अभ्यासक आज ज्या पत्रव्यवहाराकडे वळल्यावाचून राहू शकत नाही, त्याचा आरंभ या भेटीतून झाला. माणसे हेरण्याची ही दृष्टी संपादकाला अभ्यासाने येते की जन्मतःच असावी लागते, हे सांगणे कठीण आहे.

रॉयल सोसायटीची स्थापना २८ नोव्हेंबर १६६० रोजी झाली. १६६२ मध्ये राजाची सनद मिळाली आणि ओल्डेनबर्ग दोघा कार्यवाहांपैकी एक झाला. दुसरा कार्यवाह जॉन विल्किन्स. परंतु पत्रव्यवहाराचा भार ओल्डेनबर्गवरच होता. मार्टिन लिस्टर या त्याच्या परिचिताने त्याच्या पद्धतीविषयी एक आठवण सांगितलेली आहे. शाई, लेखणी आणि कागद पुढ्यात घेतल्याशिवाय तो आलेले पत्र उघडीत नसे. वाचून झाले की त्याच बैठकीत उत्तर लिहून मोकळा होई. त्याचा हा पत्रव्यवहार विसाव्या शतकात रूपर्ट हॉल व मारी बोआस हॉल या अभ्यासक दांपत्याने संपादित केला, तेव्हा त्याचे तेरा खंड झाले.

त्या काळी शोध लावणाऱ्याची अडचण मोठी विचित्र होती. शोध जाहीर करावा तर दुसरा कोणी तो आपलाच म्हणून सांगणार. झाकून ठेवावा तर तो आपण प्रथम लावला हे सिद्ध कसे करावयाचे? गॅलिलिओने शनीविषयीचे आपले निरीक्षण अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात कळविले होते. कोडे सुटेपर्यंत शोध गुप्त राही, आणि पुढे वाद झालाच तर ते पुरावा म्हणून दाखविता येई. विद्येचा असा लपंडाव चालू असताना ओल्डेनबर्गने सुचविलेला उपाय साधा होता. शोध पत्राने कळवावा. तो सभेत वाचला जाईल, वाचल्याची तारीख वहीत नोंदली जाईल आणि मजकूर छापला जाईल. शोधकाला श्रेय मिळेल, जगाला शोध मिळेल. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, कारण गेली साडेतीनशे वर्षे सारे विज्ञान याच करारावर चालले आहे. परंतु हा करार टिकण्यासाठी मध्यस्थ विश्वासू असावा लागतो. त्याने पत्र आधी कोणाला दाखविले, कोणाचे मागे ठेवले, काय गाळले, यांवर कोणाचे नाव राहणार आणि कोणाचे पुसले जाणार हे ठरते.

फ्रान्समध्ये ५ जानेवारी १६६५ रोजी देनी द सालो याने विद्वानांसाठी एक साप्ताहिक सुरू केले होते. त्यात मुख्यतः नव्या ग्रंथांची परीक्षणे येत. दोन महिन्यांनी लंडनमध्ये निघालेल्या ओल्डेनबर्गच्या मासिकाचे नाव ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ असे होते, आणि त्याचा भर ग्रंथांपेक्षा प्रयोगांवर व निरीक्षणांवर होता. पहिल्या अंकात रोमहून आलेली दुर्बिणीच्या भिंगांची हकीकत आहे, गुरूवरील ठिपक्याविषयी हूकचे टिपण आहे, समुद्रप्रवासात लंबकाच्या घड्याळांचा उपयोग कसा झाला त्याचा वृत्तांत आहे, बर्म्युडाजवळील देवमाशांची शिकार आहे आणि एका विचित्र वासराच्या जन्माची बातमीही आहे. आजच्या संपादकाने हे सारे एका अंकात घेतले तर त्याची नोकरी जाईल. पण कोणते निरीक्षण उद्या मोलाचे ठरेल, हे त्या दिवशी कोणालाच सांगता येत नव्हते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे मासिक सोसायटीचे नव्हते. ते ओल्डेनबर्गचे स्वतःचे, त्याच्या खर्चाने आणि त्याच्या जोखमीवर निघत होते. सोसायटीने एवढेच ठरविले होते की, पुरेसा मजकूर जमल्यास त्याने दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अंक काढावा आणि तो अगोदर काही सभासदांनी नजरेखालून घातल्यावर कार्यकारी मंडळाने छपाईस परवानगी द्यावी. पुष्कळ लेखक आजच्या तज्ज्ञ-परीक्षणाचा उगम या ठरावात शोधतात. प्रस्तुत लेखकाला हे मत पटत नाही. ती राजमान्य संस्थेची छपाईपूर्व तपासणी होती. निबंधाच्या खरेखोटेपणाचा निवाडा तिच्यात अभिप्रेत नव्हता. तज्ज्ञांकडून लेखी अभिप्राय मागविण्याची पद्धत सोसायटीत १८३० नंतरच्या दशकात रूढ झाली. ओल्डेनबर्गच्या काळी आधी छपाई आणि मग वाद, असाच क्रम होता. मजकूर बरा की वाईट, याचा कौल बहुधा तो एकटाच देत असे.

या मासिकाचा आपल्या भूमीशीही संबंध आला. मार्च १६६७ च्या अंकात सुरत आणि पूर्वेकडील इतर प्रदेशांसाठी एक प्रश्नावली छापलेली आहे. तिकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी व दर्यावर्द्यांनी तेथील खनिजे, वनस्पती, हवा, कारागिरी यांची माहिती जमवून आणावी, असा तिचा हेतू होता. पूर्वेकडे धाडलेल्या अशा प्रश्नावल्यांत, हिरे खणून काढलेल्या जागी तीनचार वर्षांनी पुन्हा हिरे वाढतात काय, असाही एक प्रश्न आढळतो. आज त्याचे हसू येईल. पण ऐकीव गोष्ट तशीच न स्वीकारता ज्या जागेविषयी ती सांगितली जाते तेथूनच उत्तर मागवावे, ही वृत्ती हसण्यासारखी नाही. पुढे १६७१ साली फ्रेंच प्रवासी बर्नियर याच्या मोगल साम्राज्यावरील ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये निघाले. ते ओल्डेनबर्गने केले होते. शिवाजीमहाराजांनी १६६४ मध्ये केलेल्या सुरतेच्या लुटीचा वृत्तांत बर्नियरने दिलेला आहे. मराठ्यांचा इतिहास वाचताना बर्नियरचे नाव आपण घेतो. त्याच्या भाषांतरकाराचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही.

मासिक सुरू झाले त्याच वर्षी लंडनमध्ये प्लेगची साथ आली. सभासद खेड्यापाड्यांत पांगले, सभा बंद पडल्या. काही अंक ऑक्सफर्डला छापावे लागले. ओल्डेनबर्ग मात्र लंडनमध्येच राहिला. त्याची पहिली पत्नी त्याच वर्षाच्या आरंभी वारली होती. पुढच्या वर्षी, १६६६ मध्ये, मोठी आग लागली आणि सेंट पॉलच्या परिसरातील पुस्तकविक्रेत्यांचे साठे जळून गेले. त्यानंतर अंक छापण्याची जोखीम घेण्यास विक्रेते नाखूष झाले. तिसरे संकट त्याहून मोठे होते. परदेशी पत्रांचे टपालशुल्क घेणाऱ्याला द्यावे लागे आणि ते ओल्डेनबर्गला परवडणारे नव्हते. म्हणून त्याने सरकारी परराष्ट्र कार्यालयाशी एक व्यवस्था ठरविली. स्वतःच्या नावाची अक्षरे फिरवून त्याने ग्रुबेन्डोल असे टोपणनाव तयार केले. त्या नावाने येणारी पत्रे सरकारी कचेरीत जात, तेथे त्यांतील राजकीय बातम्या टिपून घेतल्या जात आणि उरलेले विज्ञान ओल्डेनबर्गच्या हाती पडे. टपाल फुकट झाले, पण त्याची किंमत अशा रीतीने चुकवावी लागली. १६६७ च्या जून महिन्यात डच आरमार इंग्लंडच्या नदीत घुसले, तेव्हा सर्वत्र घबराट उडाली. युद्ध कसे चालविले जात आहे यावर ओल्डेनबर्गने पत्रांतून टीका केली होती. त्याला पकडून लंडनच्या टॉवरमध्ये डांबण्यात आले. दोन महिन्यांहून अधिक काळ, २६ ऑगस्टपर्यंत, तो तेथे होता. भेटीस जाण्याचे धैर्य फार थोड्यांना झाले. सुटल्यावर त्याने पुन्हा पत्रे लिहावयास घेतली आणि मासिकही चालू केले.

पैशाची बाजू आरंभापासून लंगडी होती. मासिकातून वर्षाला दीडशे पौंड सुटतील अशी त्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात चाळीस पौंडही जेमतेम हाती येत. त्यात हॉलंड-जर्मनीतील प्रकाशक त्याच्या अंकांची परस्पर लॅटिन भाषांतरे छापून विकीत, आणि ती सदोष असत. अखेर १६६९ मध्ये सोसायटीने कार्यवाह म्हणून त्याला वर्षाला चाळीस पौंड देण्याचे ठरविले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ आणि ‘दिग्दर्शन’ ज्यांना आठवते त्यांना एकट्या माणसाच्या पाठीवर चाललेल्या नियतकालिकाची ही कथा परकी वाटणार नाही.

आज या व्यवसायाचे चित्र पार पालटले आहे. निबंध लिहिणारा मानधन घेत नाही, परीक्षण करणारा तज्ज्ञ बहुधा फुकट राबतो, आणि तरीही अनेक पत्रिकांची वर्गणी सामान्य महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेर असते. काही पत्रिका वाचकाकडून काही घेत नाहीत, पण लेखकाकडून भरभक्कम शुल्क घेतात. याच वाटेने पुढे केवळ शुल्कासाठी निघालेल्या बनावट पत्रिका आल्या. पदोन्नतीसाठी छापील निबंध मोजले जाऊ लागल्यापासून मराठीच्या प्राध्यापकालासुद्धा आठ दिवसांत निबंध छापून देण्याची आमंत्रणे येतात. ज्यांनी ती पाठविली ते निबंध वाचण्याचे कष्ट घेत असतील असे वाटत नाही. भारत सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये एक राष्ट्र एक वर्गणी ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक आणि सुमारे १३,००० पत्रिका असा तिचा व्याप आहे. योजना स्वागतार्ह आहे; पण ती शासकीय उच्च शिक्षणसंस्था व केंद्रीय संशोधनसंस्था यांच्यासाठी आहे. आपल्यासारख्या सार्वजनिक वाचनालयाच्या सभासदाला ताजा शोधनिबंध वाचावयाचा असेल तर त्याची सोय तिच्यात नाही. त्याला ओल्डेनबर्गचे अंक मात्र वाचता येतील, कारण रॉयल सोसायटीने २०११ मध्ये सत्तर वर्षांपूर्वीचे आपले सारे निबंध सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. जुने फुकट आणि नवे महाग, हा न्याय इतर कोणत्या मालाच्या बाबतीत आहे कोण जाणे.

ओल्डेनबर्गचे संपादक म्हणून खरे कसब दिसते ते न्यूटनच्या प्रकरणात. पांढरा प्रकाश अनेक रंगांच्या किरणांचा बनलेला असतो, हे सांगणारे न्यूटनचे पत्र ६ फेब्रुवारी १६७२ चे आहे. ते दोन दिवसांनी सभेत वाचले गेले आणि त्याच महिन्याच्या १९ तारखेच्या अंकात छापून आले. लगेच आक्षेपांचा पाऊस पडला. हूकने विरोध केला, पॅरिसहून पार्दी या धर्मगुरूने शंका काढल्या, हायगेन्सनेही मतभेद कळविला. ओल्डेनबर्ग प्रत्येकाचा आक्षेप न्यूटनकडे आणि न्यूटनचे उत्तर आक्षेपकाकडे पाठवी, आणि त्यांतील बरेचसे छापीही. वादात व्यक्ती येऊ नये, मुद्दा यावा, यासाठी तो मधली कडू अक्षरे सौम्य करी. न्यूटन वैतागला. १६७३ मध्ये त्याने सोसायटीतून आपले नाव काढण्याची इच्छा कळविली, तेव्हा ओल्डेनबर्गने राजीनाम्याचा विषय वाढू न देता वर्गणी माफ करण्याची तजवीज सुचविली. कोणत्याही वाचनालयाच्या कार्यवाहाने या प्रसंगी हेच केले असते.

त्याच वर्षी डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक नावाच्या कापडव्यापाऱ्याचे पहिले पत्र आले. या गृहस्थाला लॅटिन येत नव्हते, पदवी नव्हती. त्याच्यापाशी स्वतः घासलेली भिंगे होती आणि गावरान डच भाषा होती. ओल्डेनबर्गने त्याची पत्रे स्वतः इंग्रजीत आणली. पाण्याच्या थेंबात वळवळणाऱ्या असंख्य जीवांची हकीकत सांगणारे ऑक्टोबर १६७६ चे प्रदीर्घ पत्र त्याने संक्षेपाने १६७७ च्या वसंतात छापले. त्या वेळी ते जीव लंडनमध्ये कोणालाही दिसलेले नव्हते. लेव्हेनहूकने गावातील प्रतिष्ठितांची साक्षीपत्रे पाठविली. हूकने नोव्हेंबर १६७७ मध्ये प्रयोग यशस्वी करून ते सभासदांना दाखविले. परंतु ओल्डेनबर्ग ते पाहावयास उरला नव्हता.

हूक आणि ओल्डेनबर्ग यांचे वैर हा या चरित्रातील सर्वांत दुःखद भाग आहे. १६७५ च्या आरंभी हायगेन्सने बारीक स्प्रिंगने चालणाऱ्या घड्याळाची युक्ती, प्रथम अक्षरांच्या कोड्यात व मग उलगडून, ओल्डेनबर्गला कळविली. हूक खवळला. अशी युक्ती आपण कित्येक वर्षांपूर्वीच सोसायटीत मांडली होती आणि कार्यवाहाने ती परदेशी कळविली, असे त्याचे म्हणणे होते. भरीस भर म्हणून हायगेन्सने इंग्लंडपुरता या घड्याळाचा एकाधिकार ओल्डेनबर्गला देऊ केला आणि त्याने तो मिळविण्याची खटपटही केली. येथे ओल्डेनबर्ग चुकला, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. ज्याच्या हातात शोधांच्या नोंदींची वही आहे त्याने त्या शोधाच्या नफ्यात वाटा शोधू नये. गरिबी हे त्याचे कारण असेल, समर्थन नव्हे. हूकने छापील पुस्तकात त्याच्यावर परक्यांना बातम्या विकणारा असा आरोप केला. एकदा टॉवर पाहिलेल्या, जन्माने परदेशी माणसावर असा आरोप करणे ही हलकी गोष्ट नव्हती. सोसायटीच्या मंडळाने १६७६ च्या नोव्हेंबरात ओल्डेनबर्गच्या प्रामाणिकपणाची ग्वाही दिली आणि ती मासिकात छापली गेली.

त्यानंतर एक वर्षही गेले नाही. ५ सप्टेंबर १६७७ रोजी केंट परगण्यातील चार्लटन येथे ओल्डेनबर्ग एकाएकी वारला. त्याची दुसरी पत्नी, त्याच्याहून वयाने पुष्कळच लहान, काही दिवसांतच त्याच्यामागे गेली. रूपर्ट आणि सोफिया ही दोन लहान मुले पोरकी झाली. मृत्युपत्र केलेले नव्हते. त्याच्या हातून मासिकाचे १३६ अंक निघाले होते. पुढे काही अंक निघून ते खंडित झाले आणि १६८३ मध्ये पुन्हा सुरू झाले. सोसायटीने ते औपचारिकपणे आपल्या अंगावर घेतले तेव्हा १७५२ साल उजाडले होते.

कार्यवाहाची जागा हूकला मिळाली. मृताची दप्तरे चाळून, आपल्या प्रयोगांच्या कोणत्या नोंदी त्याने गाळल्या हे तो वर्षानुवर्षे शोधीत राहिला आणि त्यांची टाचणे करीत राहिला. हा कागदांचा गठ्ठा पुढे नाहीसा झाला होता. तो २००६ साली इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात एका घराच्या कपाटात सापडला. त्यात जून १६७० च्या सभेत हूकने दाखविलेल्या स्प्रिंगच्या घड्याळाचा उल्लेख आहे, असे अभ्यासकांनी दाखवून दिले. हायगेन्सच्या पत्रापूर्वी साडेचार वर्षांची ही गोष्ट. सोसायटीच्या इतिवृत्ताच्या पक्क्या वहीत ती आढळत नव्हती. ती का उतरली नाही, घाईने राहिली की हेतुपुरस्सर ठेवली, याचा निर्णय त्या कागदांवरून लागत नाही. लिलावाच्या दिवशी हातोडा पडण्याच्या आत रॉयल सोसायटीने सुमारे दहा लाख पौंड देऊन तो गठ्ठा विकत घेतला, आणि आता तो तिच्याच ग्रंथालयात, ज्या दप्तरांवरून ती टाचणे केली होती त्यांच्या शेजारी आहे.